अमेरिकेतील पक्षीय दुटप्पीपणा: दोन्ही पक्षांना एकच माप लावायचे कसे?

साक्षेपी

अमेरिकेचे राजकारण मी बरीच वर्षे बारकाईने वाचत आलो आहे आणि एका प्रश्नापाशी येऊन वारंवार अडतो आहे. एखाद्या नेत्यावर आरोप झाला की तो खरा की खोटा याची शहानिशा होण्याआधीच ‘तुमच्या माणसाने हेच केले तेव्हा तुम्ही गप्प का होतात?’ असा प्रतिप्रश्न पुढे येतो. मूळ आरोपाला बगल देण्यासाठीच तो विचारलेला असतो हे उघड आहे. पण अडचण अशी की बहुतेक वेळा तो निराधार नसतो.

सर्वोच्च न्यायालयातील नेमणुकांचेच पाहा. १३ फेब्रुवारी २०१६ रोजी न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांचे निधन झाले आणि त्याच दिवशी सिनेटमधील रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांनी जाहीर केले की हे निवडणुकीचे वर्ष असल्याने ही जागा नव्या अध्यक्षांनीच भरावी. ओबामांनी मार्चमध्ये मेरिक गार्लंड यांचे नाव पाठवले, पण त्यांची साधी सुनावणीही झाली नाही. १८ सप्टेंबर २०२० रोजी रूथ बेडर गिन्सबर्ग यांचे निधन झाले, तेव्हा मात्र निवडणूक तोंडावर आलेली असूनही हाच पक्ष घाईने कामाला लागला आणि मतदानाला आठ दिवस उरले असताना एमी कोनी बॅरेट यांच्या नेमणुकीवर ५२ विरुद्ध ४८ मतांनी शिक्कामोर्तब झाले. सिनेटर लिंडसे ग्रॅहम यांनी तर २०१६ मध्ये, पुढे रिपब्लिकन अध्यक्षांच्या काळात अशी वेळ आली तर आपलेच शब्द आपल्याविरुद्ध वापरावेत, असे स्वतःहून सांगितले होते. २०२० मध्ये बॅरेट यांची सुनावणी त्यांच्याच अध्यक्षतेखालील न्याय समितीपुढे झाली.

पण याच प्रकरणाची दुसरी बाजूही आहे. २०१६ मध्ये ‘नामनिर्देशनाचा विचार करणे हे सिनेटचे कर्तव्यच आहे’ असे म्हणणारे डेमोक्रॅट २०२० मध्ये ‘जनतेचा कौल येईपर्यंत थांबा’ असे म्हणू लागले, आणि जो बायडेन यांनी जून १९९२ मध्ये, न्याय समितीचे अध्यक्ष असताना, निवडणुकीच्या हंगामात जागा रिकामी झाल्यास नेमणूक लांबणीवर टाकावी असे भाषण सिनेटमध्ये केले होते, हेही खरे आहे.

माझा प्रश्न असा. ‘दोघेही सारखेच’ असे म्हणून मोकळे होणे प्रामाणिकपणाचे आहे का? नसेल, तर आपली स्वतःची पसंती मापात न मिसळता कोणाचा दोष किती जड हे ठरवायचे कसे? दोन्हीकडची बाजू ठाऊक असलेल्या वाचकांनी कृपया लिहावे.

दूरस्थ

आपण निवडलेले उदाहरण ज्या प्रकारात मोडते, तो प्रकार आधी वेगळा काढला पाहिजे, असे मला वाटते. सिनेटच्या कामकाजाचे नियम, कर्जमर्यादा (सरकारने किती कर्ज घ्यावे याची कायद्याने घातलेली मर्यादा), अध्यक्षांचे अधिकार, नेमणुकांच्या वेळा या सगळ्या गोष्टींत नेत्याची भूमिका तो बहुमतात आहे की अल्पमतात यावर ठरते, आणि हे दोन्ही पक्षांना इतके अंगवळणी पडले आहे की त्याबद्दल संतापण्यापेक्षा त्याची नोंद ठेवणे अधिक उपयोगाचे आहे.

फिलिबस्टरचा, म्हणजे चर्चा संपू न देता मतदान रोखण्याच्या सिनेटमधील अल्पमताच्या हत्याराचा, इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. २००५ मध्ये न्यायाधीशांच्या नेमणुका अडवल्या जात असल्याने रिपब्लिकन बहुमताने हा अडथळा काढून टाकण्याची धमकी दिली, तेव्हा अल्पमतातील डेमोक्रॅटांनी त्याला सिनेटच्या परंपरेवरचा घाला म्हटले. शेवटी दोन्ही पक्षांतील प्रत्येकी सात सिनेटरांनी तडजोड घडवून आणली म्हणून ती वेळ टळली. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी मात्र हॅरी रीड यांच्या नेतृत्वाखाली डेमोक्रॅटांनीच, सर्वोच्च न्यायालय वगळता बाकी सर्व नेमणुकांसाठी, हा अडथळा ५२ विरुद्ध ४८ मतांनी काढून टाकला. आता परंपरेची आठवण करून देण्याची पाळी मॅकॉनेल यांची होती, आणि याचा पश्चात्ताप तुम्हाला लवकरच होईल, असे त्यांनी बजावले. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी नाव आलेल्या नील गोरसच यांच्यासाठी त्यांनी स्वतःच सर्वोच्च न्यायालयाचा अपवादही मोडून टाकला. त्याच महिन्यात दोन्ही पक्षांच्या ६१ सिनेटरांनी कायद्यांपुरता तरी फिलिबस्टर राखावा असे पत्र लिहिले. त्यावर सही करणाऱ्या डेमोक्रॅटांपैकी अनेकांनी जानेवारी २०२२ मध्ये, बहुमत हाती आल्यावर, मतदान हक्काच्या विधेयकासाठी त्यातून वाट काढण्याच्या बाजूने मत दिले.

कर्जमर्यादेचीही हीच कथा आहे. मार्च २००६ मध्ये सिनेटर ओबामा यांनी ती वाढवण्याविरुद्ध मत दिले आणि ती वाढवावी लागणे हे नेतृत्वाचे अपयश असल्याचे सांगितले. २०११ मध्ये अध्यक्ष म्हणून त्यांनाच ती वाढवून हवी होती, तेव्हा आपले जुने मत नवख्या सिनेटराने राजकीय हिशेबाने दिलेले मत होते, हे त्यांनी मान्य केले. त्यांच्याविरुद्ध उभे ठाकलेल्या रिपब्लिकन पक्षाने बुश यांच्या काळात ही मर्यादा अनेकदा वाढवली होती आणि पुढे ट्रम्प यांच्या काळातही फारशी खळखळ न करता ती बाजूला सारली. २०११ च्या त्या ताणाताणीचा परिणाम म्हणून ऑगस्टमध्ये स्टँडर्ड अँड पुअर्स या संस्थेने अमेरिकेचे सर्वोच्च पतमानांकन प्रथमच खाली आणले.

या प्रकारच्या बाबतीत ‘दोघेही सारखेच’ हे उत्तर माझ्या मते जवळजवळ बरोबर आहे. मात्र ते उत्तर उचलून इतर बाबींना लावणे चुकीचे ठरेल.

ऋतुगंधा

दूरस्थ यांच्या शेवटच्या वाक्यापासूनच पुढे जाते. मी अमेरिकेत राहते, डेमोक्रॅट म्हणून माझी नोंदणी आहे, आणि हे आधीच सांगते, म्हणजे माझ्या लिहिण्याचे माप वाचणाऱ्याला घेता येईल.

दोन कृत्ये एकाच नावाने ओळखली जातात म्हणून ती सारखी ठरत नाहीत. गोपनीय कागदपत्रांचे प्रकरण घ्या. ट्रम्प, बायडेन आणि ट्रम्प यांचे माजी उपाध्यक्ष माइक पेन्स या तिघांच्याही घरी अशी कागदपत्रे सापडली, आणि हिलरी क्लिंटन यांच्या खासगी ईमेल सर्व्हरचे प्रकरण त्याआधीचे. क्लिंटन यांनी अत्यंत निष्काळजीपणा केला, पण खटला भरण्याजोगे हे प्रकरण नाही, असे एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांनी जुलै २०१६ मध्ये सांगितले. बायडेन यांच्याबाबत विशेष तपास अधिकारी रॉबर्ट हर यांचा अहवाल गुळगुळीत नव्हता. त्यांनी काही कागद जाणूनबुजून ठेवले होते असे त्यात म्हटले आहे, तरीही खटला टिकण्याइतका पुरावा नाही असा निष्कर्ष काढला आहे. ट्रम्प यांच्यावरील आरोपपत्राचा मुख्य भार मात्र कागद सापडण्यावर नव्हता, तर ते परत मागितल्यावरही ठेवून घेण्यावर, लपवण्यावर आणि तपासात अडथळा आणण्यावर होता. जुलै २०२४ मध्ये तो खटला रद्द झाला तोही तपास अधिकाऱ्याची नेमणूक वैध नव्हती या कारणावरून. पुराव्याची छाननी न्यायालयात कधी झालीच नाही. या चारही प्रकरणांना ‘कागद सगळ्यांनीच ठेवले’ या एका वाक्यात कोंबणे मला अप्रामाणिक वाटते.

खोटे बोलण्याचेही तसेच आहे. वॉशिंग्टन पोस्टच्या तथ्यतपासणी विभागाने ट्रम्प यांच्या पहिल्या चार वर्षांत ३०,५७३ खोटी किंवा दिशाभूल करणारी विधाने मोजली. एखादे विधान त्या यादीत असावे की नसावे यावर वाद घालता येईल, पण यादीच्या आकाराचा अर्थ त्या वादाने पुसला जात नाही. आणि ६ जानेवारी २०२१ रोजी संसदभवनावर झालेल्या हल्ल्यातील सुमारे दीड हजार जणांना २० जानेवारी २०२५ रोजी जी माफी मिळाली, तिच्या शेजारी दुसऱ्या पक्षाचे कोणते कृत्य मांडायचे हे मला सुचत नाही.

माझ्या पक्षाला मी यातून सोडत नाही. मुलाला माफी देणार नाही असे बायडेन यांनी आणि त्यांच्या कार्यालयाने पुन्हा पुन्हा सांगितले होते आणि १ डिसेंबर २०२४ रोजी ती दिली. त्याहून मला जास्त लागलेली गोष्ट म्हणजे त्यांच्या वयाबद्दल शंका घेणाऱ्या प्रत्येकाला आमच्या नेत्यांनी अपप्रचार करणारा ठरवले, आणि २७ जून २०२४ च्या वादचर्चेत कोट्यवधी लोकांनी जे पाहिले त्यानंतर त्याच नेत्यांनी काही आठवड्यांतच त्यांना माघार घेण्याचा सल्ला दिला. ज्या मतदारांनी विश्वास ठेवला होता, त्यांची क्षमा कोणी मागितली नाही.

मध्यरेषा

ऋतुगंधा, आपण आपली बाजू आधी सांगितलीत याबद्दल आभार. मी रिपब्लिकन पक्षाला मत देत आलो आहे, आणि आपल्या मुद्द्याचे महत्त्व मला मान्य आहे. तरीही एक अडचण मांडतो. ‘कृत्य तेच, पण वजन वेगळे’ हा युक्तिवाद योग्य असू शकतो; मात्र आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे म्हणणाऱ्यालाही सर्वांत सोयीचा आसरा हाच असतो, कारण वजन करणारा तोच आणि तराजूही त्याचाच.

१९९८ आठवून पाहा. पॉला जोन्स यांनी अध्यक्ष क्लिंटन यांच्याविरुद्ध लैंगिक छळाचा दावा लावला होता आणि त्या दाव्यातील शपथेवरच्या जबाबात ते खरे बोलले नाहीत. पुढे न्यायाधीश सुझन वेबर राइट यांनी त्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दंड केला आणि त्यांची वकिलीची सनद पाच वर्षांसाठी स्थगित झाली. त्या काळात ‘हा खासगी आयुष्याचा विषय आहे’ असे सांगून डेमोक्रॅट नेते आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी बोलणारे अनेक नामवंत त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांनीही वजनच केले होते: एका बाजूला अध्यक्षांची धोरणे, दुसऱ्या बाजूला एका स्त्रीची तक्रार. डिसेंबर २०१७ मध्ये याच पक्षाने सिनेटर अल फ्रँकन यांना स्त्रियांशी गैरवर्तन केल्याच्या आरोपांवरून राजीनामा द्यायला लावला. तो निर्णय बरोबर मानला, तर १९९८ चे काय, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

आता माझ्या पक्षाकडे येतो, कारण तिथला पालट याहून ठळक आहे. क्लिंटन यांच्यावरील महाभियोगाच्या वेळी चारित्र्य हाच आमचा मुख्य मुद्दा होता. १९ डिसेंबर १९९८ रोजी, महाभियोगाच्या मतदानाच्या दिवशीच, प्रतिनिधिगृहाचे भावी सभापती बॉब लिव्हिंगस्टन यांनी स्वतःच्या विवाहबाह्य संबंधांमुळे पद सोडत असल्याचे जाहीर केले. निदान त्यांनी स्वतःला तेच माप लावले, असे मी म्हणेन. २०११ मध्ये पीआरआरआय या मतचाचण्या घेणाऱ्या संस्थेने विचारले होते की खासगी आयुष्यात अनैतिक वागणारा लोकप्रतिनिधी सार्वजनिक कर्तव्य नीतीने पार पाडू शकतो का. आमच्या पक्षाचे भक्कम मतदार असलेल्या श्वेतवर्णीय इव्हँजेलिकल ख्रिस्ती उत्तरदात्यांपैकी ३० टक्के लोक ‘होय’ म्हणाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये तोच प्रश्न विचारला तेव्हा ते प्रमाण ७२ टक्के झाले होते. पाच वर्षांत धर्मग्रंथ बदलला नव्हता, उमेदवार बदलला होता. हे लिहिताना मला वाईट वाटते, कारण चारित्र्य महत्त्वाचे असते हे मी तेव्हाही मानत होतो आणि आजही मानतो.

म्हणून वजन करायचे असेल, तर माप नावे कळण्याआधी ठरलेले असावे. ‘शपथेवर खोटे बोलणाऱ्याने पद सोडावे’ हा नियम आधी लिहा, आणि मग पाहा तो कोणाकोणाला लागू होतो. नियम लिहिल्यावर अपवाद सुचू लागले, तर ते कोणासाठी सुचत आहेत हेही टिपून ठेवा.

अनुमान

मध्यरेषा यांनी सुचवलेली कसोटी संशोधकांनी प्रत्यक्षात वापरून पाहिलेली आहे. मानसशास्त्रज्ञ जेफ्री कोहेन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांपुढे कल्याणकारी मदतीच्या दोन योजना ठेवल्या होत्या, एक उदार आणि एक अतिशय कठोर. पक्षाचे नाव न सांगता विचारले, तेव्हा उदारमतवाद्यांनी उदार आणि पुराणमतवाद्यांनी कठोर योजना पसंत केली. पण कठोर योजना डेमोक्रॅटांची आणि उदार योजना रिपब्लिकनांची आहे असे सांगितले, तेव्हा पसंती उलटली; योजनेत काय आहे याला जवळजवळ किंमत उरली नाही. विशेष म्हणजे आपला निर्णय योजनेच्या गुणदोषांवरच झाला असे हे विद्यार्थी सांगत होते, आणि पक्षाच्या नावाला भुलतात ते विरोधी विचारांचे लोक, अशी त्यांची खात्री होती.

एवढ्यावरून ‘लोक आंधळेच असतात’ असे मात्र म्हणता येत नाही. जॉन बुलक, अ‍ॅलन गर्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अर्थव्यवस्था, युद्धातील जीवितहानी अशा तपासता येण्याजोग्या बाबींवर प्रश्न विचारले होते. एरवी दोन पक्षांच्या समर्थकांची उत्तरे एकमेकांपासून लांब जात. बरोबर उत्तराला थोडे पैसे ठेवले तेव्हा हे अंतर निम्म्याहून कमी झाले, आणि ‘मला माहीत नाही’ या उत्तरालाही काही मोबदला ठेवल्यावर ते आणखी आक्रसले. म्हणजे मतचाचण्यांत जी विपरीत उत्तरे मिळतात, त्यांतील मोठा भाग खऱ्या समजुतीचा नसून आपल्या बाजूचा झेंडा फडकवण्याचा असतो. सत्य पुष्कळांना ठाऊक असते; ते उच्चारण्यात त्यांना काही लाभ दिसत नाही. मला स्वतःला ही गोष्ट कोहेन यांच्या निष्कर्षापेक्षा अधिक आशादायक वाटते, कारण अज्ञान दूर करण्यापेक्षा लाभहानीची मांडणी बदलणे सोपे असू शकते.

साक्षेपी

सर्वांचे मनापासून आभार. अनुमान यांनी लाभहानीचा उल्लेख केला आहे, म्हणून एक पुरवणी प्रश्न विचारतो. सत्तेची बाजू बदलल्यावरही ज्यांनी आपले म्हणणे बदलले नाही, असे कोणी आहेत का, आणि त्यांचे पुढे काय झाले?

दूरस्थ

आहेत, आणि त्यांची यादी वाटते तितकी लहान नाही. २०१३ मध्ये रीड यांच्या नियमबदलाला तीन डेमोक्रॅटांनी विरोध केला होता. त्यांपैकी कार्ल लेव्हिन यांना सिनेटमध्ये तीन दशकांहून अधिक काळ झाला होता. दुसरे जो मॅन्चिन यांनी २०१३, २०१७ आणि २०२२ या तिन्ही वेळी, बहुमत कोणाचेही असो, एकच मत दिले. २०२२ मध्ये त्यांना साथ देणाऱ्या सिनेटर कर्स्टन सिनेमा यांच्यावर त्यांच्याच राज्यातील पक्षाने निंदाठराव केला, त्या वर्षअखेरीस त्या पक्षाबाहेर पडल्या आणि २०२४ मध्ये उभ्या राहिल्या नाहीत. बॅरेट यांच्याविरुद्ध मत देणाऱ्या एकमेव रिपब्लिकन सुझन कॉलिन्स यांनीही आपला आक्षेप उमेदवाराच्या योग्यतेला नसून वेळेला आहे, असे स्पष्ट केले होते.

निक्सन यांच्या वेळी, जुलै १९७४ मध्ये, प्रतिनिधिगृहाच्या न्याय समितीतील सहा रिपब्लिकनांनी महाभियोगाच्या पहिल्या कलमाला पाठिंबा दिला आणि ७ ऑगस्टला रिपब्लिकन सिनेटर बॅरी गोल्डवॉटर व पक्षाच्या अन्य दोन नेत्यांनी निक्सन यांना, सिनेटमध्ये तुम्हाला वाचवण्यापुरती मते नाहीत, हे तोंडावर सांगितले. अलीकडचे चित्र वेगळे आहे. जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावरील दुसऱ्या महाभियोगाला प्रतिनिधिगृहातील दहा रिपब्लिकनांनी पाठिंबा दिला. त्यांपैकी चौघे पुन्हा उभे राहिले नाहीत, लिझ चेनी यांच्यासह चौघे प्राथमिक फेरीतच, म्हणजे मुख्य निवडणुकीआधी उमेदवार निवडण्यासाठी होणाऱ्या मतदानातच, पडले, आणि दोघेच निवडून आले. हे दोघे कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांतले, जिथे प्राथमिक फेरीत सर्व पक्षांचे उमेदवार एकत्र असतात आणि कोणत्याही मतदाराला कोणालाही मत देता येते. हे कवच पक्के नाही, कारण पडलेल्या चौघांपैकी एक जण वॉशिंग्टनमधलीच होती. पण सिनेटमध्ये दोषी ठरवण्याच्या बाजूने मत देणाऱ्या सात रिपब्लिकनांपैकी २०२२ मध्ये मतदारांपुढे गेलेल्या एकट्या लिसा मर्कोव्स्की याही अशाच खुल्या पद्धतीमुळे अलास्कातून टिकून राहिल्या, हे लक्षात घेतले तर निवडणुकीच्या रचनेचा संबंध नाकारता येत नाही. जिथे उमेदवाराला फक्त स्वपक्षाच्या कट्टर मतदाराला खूश ठेवावे लागते, तिथे सुसंगत राहण्याची शिक्षा लगेच आणि निश्चित मिळते.

ऋतुगंधा

रचनेचा विषय निघालाच आहे, तर मतदारसंघांच्या आखणीबद्दल लिहायलाच हवे, कारण सध्या माझ्या मनाची सर्वांत जास्त ओढाताण तिथे होते आहे. २७ जून २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पक्षीय फायद्यासाठी केलेल्या आखणीत संघराज्याची न्यायालये हस्तक्षेप करू शकत नाहीत, असा निकाल पाच विरुद्ध चार मतांनी दिला. त्या निकालात दोन प्रकरणे एकत्र होती: रिपब्लिकनांनी आखलेले नॉर्थ कॅरोलायना आणि डेमोक्रॅटांनी आखलेला मेरीलँडमधील एक मतदारसंघ. नॉर्थ कॅरोलायनातील आखणी करणाऱ्या आमदाराने दहा जागा आम्हाला आणि तीन त्यांना असा नकाशा करतो, कारण अकरा-दोन करणे शक्य दिसत नाही, असे उघडपणे सांगितले होते. मेरीलँडचे तत्कालीन गव्हर्नर मार्टिन ओमॅली यांनीही आपला हेतू जबाबात मान्य केला होता.

माझ्या पक्षाने आखणीसाठी सर्व राज्यांत स्वतंत्र आयोग नेमण्याचे विधेयक प्रतिनिधिगृहात या निकालाआधी, मार्च २०१९ मध्ये, आणि पुन्हा २०२१ मध्ये संमत केले. कॅलिफोर्नियात असा आयोग मतदारांनी आधीच स्थापलेला होता. मग २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या आग्रहावरून टेक्सासने जनगणनेची वाट न पाहता आणखी पाच जागा मिळवण्यासाठी नवा नकाशा केला, आणि त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने ४ नोव्हेंबर २०२५ च्या जनमताने स्वतःच्या आयोगाचा नकाशा बाजूला ठेवला. आयोगासाठी झटलेले माजी रिपब्लिकन गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी त्याला विरोध केला, आणि ते आपल्या जुन्या भूमिकेशी प्रामाणिक राहिले हे मला मान्य करावे लागते.

तरीही कॅलिफोर्नियाचा ठराव मला टेक्सासच्या बरोबरीचा वाटत नाही. मध्यरेषा म्हणतील की हे मी पुन्हा माझ्याच तराजूत तोलते आहे, म्हणून नियम आधी लिहिते: तत्त्व मोडणाऱ्याने ते आपण मोडत आहोत हे कबूल करावे, मतदारांची संमती घ्यावी आणि मुदत ठरवावी. कॅलिफोर्नियाने या तिन्ही गोष्टी केल्या. २०३० च्या जनगणनेनंतर नकाशे आखण्याचे काम पुन्हा आयोगाकडे जाईल, असे ठरावातच लिहिले आहे.

मध्यरेषा

नियम चांगला आहे आणि तो मी माझ्या पक्षालाही लावायला तयार आहे. टेक्सासमध्ये मतदारांना विचारले गेले नाही, हे खरेच आहे. मात्र यातील तिसरी अट अजून पूर्ण झालेली नाही, फक्त लिहिली गेली आहे. जनगणनेनंतरचे नकाशे २०३१ मध्ये होतील. तेव्हाही टेक्सासचा नकाशा तसाच असेल, प्रतिनिधिगृहातील बहुमत चार-पाच जागांवर अडलेले असेल, आणि मुदत वाढवण्याचा नवा प्रस्ताव कोणीतरी नक्की आणेल. त्या प्रस्तावाविरुद्ध आपण आपल्या पक्षात उभ्या राहाल का, हे आजच येथे लिहून ठेवाल का?

ऋतुगंधा

हो, लिहून ठेवते. मुदतवाढीला माझा विरोध असेल, टेक्सासने काहीही केले तरी.